मुलीला उंदरांवर काम करावं लागणार आहे, तिला जाऊ द्यावं का?

तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगी बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. झाली, एका संशोधन संस्थेत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून तिची निवड झाली, आणि काम उंदरांवर आहे हे कळल्यावर घर ढवळून निघालं. आजी म्हणतात, बाप्पाच्या वाहनाचा जीव घेऊन मिळालेला पगार या घरात नको. आईला रोगराईची धास्ती. तुम्ही स्वतः विचारताय की उंदरावर जे चालतं ते माणसाला लागू तरी पडतं का. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य आहे: "मुंगी मारतानाही बिचकणारी माझी पोरगी तीन वर्षांनी कशी झालेली असेल?" मला वाटतं खरा प्रश्न हाच आहे. बाकीच्यांची उत्तरं देतो, पण सगळी या वाक्याकडे पाहून देतो.

मी पशुवैद्यक आहे आणि नोकरीचा बहुतेक काळ संशोधन संस्थांच्या ॲनिमल हाउसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात त्या विभागात, गेला आहे. तुमच्या मुलीसारखी नवी मुलंमुली दरवर्षी माझ्यासमोर येतात, आणि उंदीर हातात कसा घ्यायचा इथपासून त्यांना शिकवायचं काम माझं. बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे हे आधीच सांगतो. वर्तनाचा अभ्यास असेल तर दिवस निरीक्षणात आणि व्हिडिओ बघण्यात जातो. कर्करोगाचा प्रकल्प असेल तर गाठी मोजाव्या लागतात आणि शेवटी प्राणी मारावे लागतात. संस्था कशी आहे, गाईड कसा आहे आणि मुलीचा स्वभाव कसा आहे यावर पुढचं सगळं ठरेल.

मोरीतून येणारा उंदीर, गोदामातली घूस आणि मुलीच्या हातात येणारा उंदीर यांना एकाच मापाने मोजू नका. प्रयोगशाळेतला माऊस जेमतेम २० ते ३० ग्रॅमचा असतो. रॅट वेगळा, तो पाव किलोच्या पुढे जातो. माऊसचं मूळ घरातल्याच छोट्या उंदरात असलं तरी शंभरहून अधिक वर्षं तो माणसाच्या हाताखाली वाढला आहे, आणि त्याची सुरुवात अमेरिकेतल्या एका बाईंच्या गोठ्यात झाली. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅनबी गावात ॲबी लॅथ्रोप नावाच्या माजी शिक्षिका शौकीन लोकांसाठी रंगीबेरंगी उंदीर पैदा करून विकत. हार्वर्डचे संशोधक त्यांच्याकडून उंदीर नेऊ लागले. लॅथ्रोपबाई नोंदी इतक्या नेटक्या ठेवत की काही घराण्यांत गाठी जास्त होतात हे त्यांच्या लक्षात आलं, आणि लिओ लोएब या पॅथॉलॉजिस्टबरोबर त्यांनी त्यावर शोधनिबंधही लिहिले. हार्वर्डमधल्याच क्लॅरेन्स लिटल यांनी १९०९ मध्ये बहीणभावांचा संकर पिढ्यानपिढ्या चालू ठेवून पहिलं 'इनब्रेड' घराणं उभं करायला घेतलं. अशा वीसेक पिढ्या गेल्या की सगळे उंदीर जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ सारखे होतात. मग एका उंदराला औषध दिलं आणि दुसऱ्याला दिलं नाही, तर दिसणारा फरक औषधाचा आहे असं म्हणता येतं. लॅथ्रोपबाईंच्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून १९२१ मध्ये सुरू झालेलं काळ्या उंदरांचं घराणं, 'सी-५७ ब्लॅक-६', आज जगात सर्वाधिक वापरलं जातं. तुमच्या मुलीला पहिल्याच आठवड्यात बहुधा तेच भेटेल.

उंदीरच का, याचं उत्तर त्याच्या वेगात आहे. मादी साधारण २० दिवसांत विते, तीन आठवड्यांत पिल्लं आईपासून वेगळी करता येतात, सहा ते आठ आठवड्यांत ती स्वतः वयात येतात आणि सगळं आयुष्य दोनेक वर्षांचं. म्हणजे जन्म, वार्धक्य आणि नातवंडं हे सगळं एका प्रकल्पाच्या मुदतीत डोळ्यांसमोर घडतं. २००२ मध्ये उंदराचा जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा, प्रसिद्ध झाला तेव्हा दिसलं की त्याच्या सुमारे ९९ टक्के जनुकांना माणसात जोडीदार आहेत. त्याआधीच एखादं ठरावीक जनुक बंद करून उंदीर जन्माला घालायचं तंत्र आलं होतं. कॅपेची, इव्हान्स आणि स्मिथीज यांना त्यासाठी २००७ चं नोबेल मिळालं.

आता "लागू पडतं का?" याकडे वळतो. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांच्या गटाने आठ उंदरांना स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा मारक डोस टोचला आणि त्यातल्या चौघांना पेनिसिलिन दिलं. फ्लोरींचे सहकारी नॉर्मन हीटली रात्री उशिरापर्यंत तिथे थांबले. पहाटेपर्यंत औषध न दिलेले चारही मेले होते आणि औषध दिलेले चारही जिवंत होते. आज आपण अँटिबायोटिकची गोळी सहज घेतो, तिचा रस्ता त्या रात्रीतून गेला आहे. याच गोष्टीची दुसरी बाजूही मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. पेनिसिलिन गिनीपिगला घातक ठरतं. त्या दिवशी पिंजऱ्यात उंदरांऐवजी गिनीपिग असते तर हे औषध विषारी म्हणून बाजूला पडण्याची शक्यता होती. कुठला प्राणी निवडला यावर उत्तर बदलतं.

दुसरं उदाहरण तुमच्या घरापर्यंत येणारं आहे. १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाईन यांनी उंदराच्या प्लीहेतल्या पेशींचा संयोग कर्करोगाच्या पेशींशी घडवून एकाच प्रकारची अँटिबॉडी सतत तयार करणाऱ्या पेशी मिळवल्या. मेडिकलमध्ये मिळणारी गरोदरपणाची पट्टी सहसा उंदरापासून मिळवलेल्या अशाच अँटिबॉडीवर चालते. स्तनाच्या कर्करोगातल्या एका प्रकारावर दिलं जाणारं ट्रास्टुझुमॅब मूळच्या उंदराच्या अँटिबॉडीला माणसाच्या शरीराला मानवेल असं रूप देऊन बनवलं आहे. तुमच्या नात्यात कुणाला ते दिलं गेलं असेल तर उंदराचा वाटा तुमच्या कुटुंबात आधीच आहे.

आपल्याकडेही ही परंपरा जुनी आहे. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास उंदरांवर केला. आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचा गाठींशी काय संबंध आहे हे शोधण्यात त्यांची वर्षं गेली. त्या संस्थेच्या नावाचं 'आयसीआरसी' हे उंदरांचं घराणं मुंबईतच तयार झालं. हे नाव आजींना मुद्दाम सांगा. फर्ग्युसनमध्ये शिकलेली, पद्मभूषण मिळालेली एक मराठी बाई आयुष्यभर हे काम करत होती.

पण उंदरावर चाललं म्हणजे माणसावर चालेल असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका. थॅलिडोमाइडने माणसाच्या गर्भात भयंकर व्यंगं निर्माण केली, उंदीर मात्र त्या औषधाला बराच कमी संवेदनशील आहे. कोविडच्या सुरुवातीच्या विषाणूला उंदराच्या पेशीत नीट शिरताच येत नव्हतं, कारण ज्या प्रथिनाला तो चिकटतो ते उंदरात वेगळ्या घडणीचं आहे. कोविडच्याच कुळातल्या आधीच्या सार्स विषाणूच्या अभ्यासासाठी २००७ मध्ये माणसाचं ते प्रथिन असलेले उंदीर तयार केले गेले होते. गोठवून ठेवलेल्या शुक्राणूंपासून ते २०२० मध्ये पुन्हा जन्माला घालावे लागले, तेव्हा लसींची आणि औषधांची ती कामं पुढे सरकली.

आणखी एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. एएलएस हा स्नायूंची ताकद हळूहळू हिरावून घेणारा आजार. त्याच्या उंदरांवर अनेक औषधं गुणकारी ठरली आणि माणसांत निकामी निघाली. अमेरिकेतल्या एका संस्थेने ७० हून अधिक औषधं मोठ्या गटांवर, काटेकोर पद्धतीने पुन्हा तपासली आणि २००८ मध्ये जाहीर केलं की उंदरांतसुद्धा त्यातलं एकही खरं काम करत नव्हतं. आधीच्या प्रयोगांत गट लहान होते. नर-माद्यांची संख्या सारखी नव्हती, कुठला उंदीर कुठल्या गटात आहे हे मोजणाऱ्याला ठाऊक होतं. दोष प्रयोग करणाऱ्यांचा होता आणि त्यात गेलेले सगळे उंदीर फुकट गेले. या क्षेत्रात पाप हा शब्द कुठे वापरायचा असेल तर मी तो इथे वापरेन. इतकी वर्षं काढल्यावर माझं मत असं झालं आहे की जीव घेण्यापेक्षाही घेतलेला जीव वाया घालवणं जास्त वाईट आहे.

आणि तो किती छोट्या गोष्टींनी वाया जातो! उंदीर शेपटीला धरून उचलायची जुनी पद्धत आहे. पटकन होतं, म्हणून सगळे तेच शिकतात. २०१० मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की शेपटीने उचललेले उंदीर घाबरलेले राहतात, आणि ओंजळीत घेतलेले किंवा नळीत शिरू देऊन उचललेले उंदीर माणसाच्या हाताकडे स्वतःहून येतात. मी पुठ्ठ्याची नळी पिंजऱ्यातच ठेवायला लावतो. पहिल्या दिवशी उंदीर तिच्याकडे बघत नाही, कोपऱ्यात पाठ टेकवून बसतो, मिश्या मागे. चार-सहा दिवसांत झाकण उघडलं की तो आपणहून नळीत शिरतो, आणि नळी उचलली तरी आत बसून मिश्या साफ करत राहतो. या दोन अवस्थांतल्या उंदरांना तेच औषध दिलं तर उत्तरं वेगळी येऊ शकतात, कारण भीतीने हृदय, साखर, प्रतिकारशक्ती सगळंच हलतं. २०१४ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून आलेलं निरीक्षण तर याहून बोलकं आहे. खोलीत पुरुष असेल तर त्याच्या वासाने उंदरांवर ताण येतो आणि त्यांची वेदनेची प्रतिक्रिया दबते. पुरुषाने घातलेला टी-शर्ट नुसता ठेवला तरी तेच. शनिवारी मोजणाऱ्या मुलाच्या जागी सोमवारी मुलगी आली आणि आकडे बदलले, तर ते औषधामुळे आहे असं समजून पेपर लिहिला जाऊ शकतो.

म्हणून नव्या मुलांना मी आधी नुसतं बघायला लावतो. हातात सुई देत नाही, टिश्यू पेपरचा बोळा देतो आणि पिंजऱ्यात टाकायला सांगतो. निरोगी उंदीर रात्रीत तो कुरतडून, पिंजून त्याची गोल वाटी करतो आणि तिच्यात अंग चोरून झोपतो. सकाळी कागद तसाच सपाट पडलेला असेल तर त्या उंदराचं काहीतरी बिनसलं आहे. दुखत असेल तर डोळे किलकिले होतात, गाल आणि नाकाचा भाग फुगल्यासारखा दिसतो, कान मागे वळतात, केस पिंजारलेले राहतात. हे वाचता यायला लागलं की मग पुढचं शिकवायचं. तुमच्या मुलीचं बिचकणं इथे उपयोगाचं आहे. बिचकणारी मुलं नीट बघतात.

आता आजींबद्दल. त्यांच्याशी वाद घालून जिंकायला जाऊ नका, कारण त्यांचा मुद्दा बरोबर आहे. बाप्पाच्या पायाशी मोदकाचा तुकडा धरून बसलेला उंदीर लहानपणापासून पाहिलेलं माणूस उंदराचा जीव कवडीमोल मानत नाही. याच आजींनी नातीला टोपीवाल्या उंदराची गोष्ट सांगितली असेल, राजालाही न भिणाऱ्या. आणि याच आजींच्या सासरी धान्याच्या कणगीला शेणामातीने लिंपून उंदरापासून जपलं जात असेल. एकाच घरात उंदीर पूजेला होता, गोष्टीत होता आणि शत्रूही होता. त्याच्या जीवाला किंमत आहे आणि तरी कधीकधी तो घ्यावा लागतो, हे दोन्ही एकदम मनात बाळगायची सवय आजींना आहे. नातीला नोकरीत नेमकं तेच करायचं आहे.

कायद्यानेही तेच मागितलं आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा. त्याखाली प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी केंद्र सरकारची समिती आहे, पूर्वी तिला सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए. संस्थेची तिच्याकडे नोंदणी लागते आणि संस्थेत नैतिकता समिती लागते, जिच्यात पशुवैद्यकाबरोबर बाहेरच्या संस्थेतला शास्त्रज्ञ आणि समाजातून आलेला एक सदस्यही बसतो. प्रत्येक प्रकल्पासाठी 'फॉर्म बी' भरून सांगावं लागतं की किती उंदीर, का तितके, पेशींवर किंवा संगणकावर हे का होणार नाही, दुखणं कसं कमी करणार, शेवट कसा करणार. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडलेली तीन तत्त्वं याच्या मुळाशी आहेत: शक्य तिथे प्राणी टाळा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. टाळण्याच्या बाबतीत आपण पुढे सरकलो आहोत. २०१४ मध्ये भारताने सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्या बंद केल्या आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर नव्या औषधांसाठी पेशींवर आधारित आणि 'ऑर्गन-ऑन-चिप'सारख्या (चिपवर पेशी वाढवून अवयवाची नक्कल करणाऱ्या) पद्धतींना नियमांत जागा मिळाली. तुमच्या मुलीच्या कारकिर्दीतच उंदरांची गरज आणखी घटेल अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मरणाबद्दल आडपडदा ठेवत नाही. बहुतेक प्रकल्पांत उंदीर शेवटी मारले जातात, भूल देऊन किंवा कार्बन डायऑक्साइडने. गाठ ठरलेल्या मापापुढे गेली किंवा वजन ठरलेल्या प्रमाणापेक्षा घटलं, तर प्रयोग अर्धवट सोडून त्याआधीच. पहिल्यांदा करताना बहुतेकांचे हात थरथरतात, काही रडतात. मी तेव्हा सोबत असतो, घाई करत नाही, आणि ज्याला जमत नाही त्याच्यावर लादत नाही. पेशींचं, विश्लेषणाचं काम देता येतं. ज्यांना पहिल्याच दिवशी काहीच वाटत नाही त्यांच्याकडे मी जास्त लक्ष देतो. निर्ढावणं होतं का? होतं, जिथे त्याबद्दल कुणी बोलत नाही तिथे. जिथे सीनियर माणूस "आज तिसऱ्या पिंजऱ्यातली मादी बरी दिसत नाही" असं म्हणत खोलीत शिरतो, तिथे नवी मुलंही तशीच घडतात.

आईच्या धास्तीला आधार आहे, पण बोट चुकीच्या उंदराकडे आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा घरात उंदीर मरून पडला की लोक गाव सोडून माळावर झोपड्या टाकत. पिसवांमार्फत तो पसरतो हे पॉल-लुई सिमोंद यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोही रस्त्यावरच्या उंदरा-घुशींच्या लघवीतून येतो. ॲनिमल हाउसमधले उंदीर ठरावीक रोगजंतूंपासून मुक्त ठेवलेले आणि वेळोवेळी तपासलेले असतात. उलट आपल्यापासून त्यांना काही होऊ नये म्हणून गाऊन, मास्क, हातमोजे. खरा धोका ॲलर्जीचा. उंदराच्या लघवीतली प्रथिनं धुळीबरोबर उडतात, आधी शिंका आणि डोळ्यांची खाज, दुर्लक्ष केलं तर पुढे दमा. मुलीला दमा किंवा जुनी ॲलर्जी असेल तर रुजू होण्याआधी डॉक्टरांना दाखवा आणि संस्थेला लपवून न ठेवता सांगा.

तुम्ही लिहिलंय की स्वयंपाकघरात उंदीर दिसला की तुम्ही चिकट पॅड लावता. ते कृपा करून बंद करा. त्यावर अडकलेला उंदीर तासन्‌तास सुटायची धडपड करतो, स्वतःची कातडी सोलून घेतो, आणि तहानेने किंवा थकून मरतो. माझ्या ॲनिमल हाउसमध्ये कुणी हे केलं तर त्याचा प्रकल्प त्याच दिवशी थांबेल. पंचतंत्रातल्या हिरण्यक उंदराची उडी उंच जायची ती बिळाखालच्या ठेव्याच्या बळावर. ठेवा खणून काढल्यावर त्याला उडीच जमेना. घरातल्या उंदराचंही तसंच आहे. धान्य झाकणाच्या डब्यात ठेवा, ओला कचरा रात्री बाहेर काढा, पेन्सिल आत जाईल एवढं भोकसुद्धा सिमेंट आणि तारेच्या घासणीने बुजवा. तरीही उरलेल्यासाठी पटकन मारणारा चाप लावा आणि सकाळ-संध्याकाळ तो बघा.

नोकरीचं हो किंवा नाही घरात बसून ठरवू नका. मुलीला एक दिवस तिथे जाऊन ॲनिमल हाउस बघायची परवानगी मागू द्या. आत मुक्कामाला ठेवलेल्या उंदरांच्या पिंजऱ्यात घरटं करायला कागद किंवा कापूस आहे का ते तिने बघावं. नोंदवही मागावी. पशुवैद्यक पूर्णवेळ आहे की फक्त सहीपुरता, प्रशिक्षण कोण आणि किती दिवस देतं, मोजणाऱ्याला गट माहीत नसतो ना, एखादं काम नाकारलं तर चालेल का, हे विचारावं. चांगली संस्था या प्रश्नांनी खूश होते. आणि दिवाळीच्या सुट्टीत उंदरांना कोण बघतं, हे पिंजरे धुणाऱ्या ॲटेंडंटला विचारायला सांगा. त्याने न अडखळता एखादं नाव घेतलं, तर मुलीला जाऊ द्या.